संगणकाची नाडीपरीक्षा

वैशाख महिना लागला की मराठवाड्यातील ऊन प्रखर होते. छत्रपती संभाजीनगर शहरात भर दुपारी पारा ४० अंशांच्या वर चढतो. रस्त्यांवरील वर्दळ ओसरते, गुरे झाडांच्या सावलीत उभी राहतात आणि पाखरे वळचणीला जाऊन बसतात. उन्हातून चालून आलेला मनुष्य घटकाभर सावलीत टेकला, तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. विसावा घेणे ही त्याच्या शरीराची गरज असते.

काही यंत्रांचेही असेच आहे. संगणक प्रमाणाबाहेर तापला, तर तो स्वतःच्या रक्षणासाठी आपले काम थांबवतो. मात्र आपण का थांबलो, हे त्याला माणसाप्रमाणे बोलून सांगता येत नाही. पडदा एकाएकी काळा होतो, पंख्याची घरघर थांबते आणि समोर बसलेला मनुष्य गोंधळून जातो. शिवाय संगणक थांबण्याचे कारण प्रत्येक वेळी उष्णता हेच असते, असेही नाही. विजेच्या पुरवठ्यात खंड पडला तरी तो थांबतो. त्याच्या आतील एखादा भाग जीर्ण झाला तरी तो थांबतो. क्वचित त्याला दिलेल्या आज्ञावलीतील दोषामुळेही तो बंद पडतो. वैद्य ज्याप्रमाणे ताप पाहून लगेच औषध देत नाही, तर नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो, त्याचप्रमाणे यंत्राचा दोष शोधणाऱ्यालाही धीराने विचारपूस करावी लागते.

शहरातील सिडको वसाहतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी असाच एक जुना संगणक होता. आजोबांनी तो चौदा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या वेळी घेतला होता. नोकरीच्या काळात ते पैठण तालुक्यातील खेड्यांतून फिरले होते. त्या गावांतील वृद्ध स्त्रिया पहाटे जात्यावर दळताना ज्या ओव्या गात, त्या आजोबांनी वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेतल्या होत्या. काहींचे गाणे त्यांनी टेपवरही घेतले होते. पुढे एका पावसाळ्यात घरातल्या लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि निम्म्याहून अधिक वह्यांची माती झाली. सुदैवाने त्यापूर्वीच आजोबांनी सर्व ओव्या संगणकावर उतरवल्या होत्या आणि टेपवरील आवाजही त्यात साठवले होते. ज्या स्त्रियांनी त्या ओव्या गायल्या, त्यांपैकी बहुतेक आता हयात नव्हत्या. त्यामुळे त्या ओव्यांचे एकमेव घर म्हणजे हा जुना संगणक होता.

एका मे महिन्यात हा संगणक वरचेवर बंद पडू लागला. आजोबा दोन ओळी लिहीत आणि तिसरी ओळ सुरू होताच पडदा काळा होई. शेजारीपाजारी सल्ला देऊ लागले. कोणी म्हणे, "यात व्हायरस शिरला आहे. सगळे पुसून नव्याने भरा." कोणी म्हणे, "रॅम गेली असेल." दुकानात चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "इतक्या जुन्या यंत्रावर खर्च करण्यात अर्थ नाही. भंगारात द्या आणि नवे घ्या." आजोबांची सातवीत शिकणारी नात हे सारे ऐकत होती. यंत्र पुसले किंवा भंगारात दिले, तर आतल्या ओव्यांचे काय होणार, या विचाराने ती अस्वस्थ झाली.

तिची आत्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करीत असे. साप्ताहिक सुटीच्या दिवशी ती घरी आली. नातीने तिला दारातच गाठले.

"आत्या, संगणक उघडून बघतेस ना? पेचकस आणून ठेवला आहे मी."

"उघडू की," आत्या म्हणाली, "पण आधी मला सांग, या यंत्रातले काय गेले तर पुन्हा मिळणार नाही?"

नात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजोबांच्या ओव्या."

"मग पहिले काम तेच. यंत्र नवे आणता येईल, ओव्या आणता येणार नाहीत. चालू-बंद, चालू-बंद होणाऱ्या यंत्रात साठवलेल्या गोष्टीही बिघडू शकतात. म्हणून पहिल्यांदा ओव्या बाहेर काढायच्या, मग दुरुस्ती."

परंतु ओव्या बाहेर काढणे सोपे नव्हते. दुपारच्या वेळी संगणक जेमतेम दहा-बारा मिनिटे चालत होता. लिहिलेला मजकूर थोडी जागा व्यापतो. तो पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्यास दोन मिनिटेही लागली नाहीत. आवाजांचा साठा मात्र फार मोठा होता. तो एकदम उतरवू लागल्यास मध्येच यंत्र बंद पडून अर्धवट काम वाया गेले असते. म्हणून आत्याने त्याचे गावांप्रमाणे लहान लहान वाटे केले. त्या रात्री ती तिथेच राहिली आणि पहाटे, हवा थंड असताना, दोघींनी एकेक वाटा उतरवून घेतला. संगणक तासाभराने बंद पडला, तोवर शेवटचा वाटा उतरला होता. उतरवलेला प्रत्येक भाग दुसऱ्या संगणकावर उघडून, ऐकून पाहिला. नुसती नक्कल केली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती नीट झाली आहे की नाही हेही पाहावे लागते. मग एक प्रत आजोबांच्या कपाटात राहिली आणि दुसरी आत्याच्या घरी गेली. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रतींवर एकच संकट येऊ शकते, हे वाळवीने त्या घराला शिकवलेच होते.

आता दोष शोधण्यास सुरुवात झाली. आत्याने नातीच्या हाती एक कोरी वही दिली. संगणक केव्हा सुरू केला, केव्हा बंद पडला, त्या वेळी खोलीत किती उष्मा होता, त्यावर कोणते काम चालले होते आणि आसपास काय घडत होते, हे सर्व तिने त्या वहीत टिपावयाचे होते.

"आसपास काय घडत होते, ते कशाला?" नातीने विचारले.

"कोणती गोष्ट महत्त्वाची आहे, ते आज आपल्याला ठाऊक नाही. म्हणून दिसेल ते लिही."

अशी वही ठेवण्याची रीत संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क दोन' नावाचा एक अवाढव्य संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी तो बिघडला. तंत्रज्ञ एकेक भाग तपासत गेले, तेव्हा विजेचा मार्ग जोडणाऱ्या एका खटक्यात एक पतंग अडकून मेलेला आढळला. त्यांनी तो पतंग काढून नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवला आणि त्याखाली तशी नोंद केली. ते पान आजही अमेरिकेतील एका राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

तीन दिवसांत नातीच्या वहीची दोन पाने भरली. पहाटे सुरू केलेला संगणक तासभर चालला. दुपारी दोन वाजता तो बारा मिनिटांत बंद पडला. बंद पडताच पुन्हा सुरू केला, तर तीनच मिनिटे टिकला. परंतु तासभर विसावा देऊन सुरू केला, तेव्हा पुन्हा बारा-तेरा मिनिटे चालला. आजोबांनीही आठवून सांगितले, की जानेवारीत तो एकदाही बंद पडला नव्हता.

नोंदी वाचून आत्याने विचारले, "यावरून तुला काय वाटते?"

"त्याला उष्मा सोसत नाही," नात म्हणाली. "विसावा मिळाला की तो पुन्हा तितकाच चालतो. पण आत्या, व्हायरस नसेल कशावरून?"

हा प्रश्न योग्य होता. एक अनुमान पटले म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आत्याने एक साधी युक्ती केली. प्रत्येक संगणकात आरंभीच्या मांडणीचा एक पडदा असतो. यंत्र सुरू होताच ठरावीक कळ दाबली की तो दिसतो. तो दिसत असताना साठ्यातील कोणतीही आज्ञावली चालू झालेली नसते. मग त्या साठ्यात व्हायरस असला तरी तो निजलेलाच राहतो. आत्याने संगणक त्या पडद्यावर नुसता ठेवून दिला. बाराव्या मिनिटाला तो तेथेही बंद पडला. याचा अर्थ, दोष आज्ञावलीत नसून यंत्राच्या अंगातच होता. सारे पुसून टाकण्याचा सल्ला मानला असता, तर ओव्या गेल्या असत्या आणि रोग मात्र तसाच राहिला असता.

त्याच पडद्यावर आणखी एक उपयुक्त आकडा दिसत होता. संगणकाचे सारे हिशेब करणारा जो मुख्य भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात. त्याचे तापमान त्या पडद्यावर लिहिलेले असते. सुरुवातीस ते ५२ अंश होते. नात दर मिनिटाला आकडा लिहीत गेली. तो ६०, ७०, ८० असा चढत गेला आणि ९७ अंशांची नोंद होते न होते तोच पडदा काळा झाला. पाणी १०० अंशांना उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उष्णता किती मोठी आहे याची कल्पना येईल.

इतकी उष्णता येते कोठून? प्रोसेसरमधील सिलिकॉनची चकती अंगठ्याच्या नखाएवढी असते. तीत कोट्यवधी सूक्ष्म खटके असून ते क्षणोक्षणी उघडझाप करीत असतात. त्यांतून वाहणाऱ्या विजेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. अशा जुन्या संगणकातील प्रोसेसर भरात असताना सुमारे ६५ वॅट वीज घेतो. जुन्या काळी घरोघरी तारेचे ६० वॅटचे दिवे असत, त्यांना पेटल्यावर हात लावता येत नसे. तेवढी उष्णता एका नखाएवढ्या जागेत निर्माण होते.

म्हणूनच उष्णता दूर नेणे, ही संगणक बनवणाऱ्यांपुढे पहिल्यापासून मोठी समस्या होती. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकात सुमारे १८,००० काचेच्या निर्वात नळ्या होत्या. त्या नळ्या दिव्यांप्रमाणे तापत आणि जळून जात. विशेषतः यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना त्या अधिक जळत; म्हणून ते यंत्र शक्यतो सतत चालू ठेवीत. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला पहिला मोठा संगणक १९६० साली काम करू लागला. १९६२ साली पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यातही सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, त्यांच्या जागी सूक्ष्म खटके आले आणि खोलीभर पसरलेले यंत्र मेजावर मावू लागले. उष्णतेचा प्रश्न मात्र त्याच्याबरोबरच आला.

आजच्या संगणकात प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याला पुष्कळ पातळ पाती असतात. त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता या पात्यांत पसरते आणि वरचा पंखा वारा घालून ती हवेत उडवून देतो. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एका लेपाचा अगदी पातळ थर असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्या खळग्यांत हवा राहते. हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. लेप ते खळगे भरून काढतो आणि उष्णतेची वाट मोकळी करतो.

आत्याने संगणकाची वीज बंद केली, भिंतीतील खटका बंद करून वायर काढून घेतली आणि मगच पेटीचे झाकण उघडले. नातीने आत डोकावून पाहिले आणि ती चकित झाली. पात्यांमधील फटी दिसतच नव्हत्या. चौदा वर्षांची धूळ त्यांत साचून तिची गोधडीसारखी जाड चादर झाली होती. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा त्या चादरीवरच अडत होता.

"उन्हाळ्यात गोधडी पांघरून पंख्याखाली बसल्यासारखे झाले की हे!" नात म्हणाली.

मग साफसफाई झाली. आत्याने प्रथम पेटीच्या उघड्या धातूला हात लावला, कारण आपल्या अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा बारीकसा झटकाही नाजूक भागांस मारक ठरू शकतो. मऊ कुंचल्याने आणि हवेच्या झोताने धूळ काढताना पंख्याचे पाते तिने बोटाने धरून ठेवले. झोतामुळे ते भरमसाट वेगाने फिरले असते, तर पंखा बिघडला असता. ठोकळा काढून पाहिला, तेव्हा आतील लेप वाळून त्याची पापडी झाली होती. ती पुसून तिने वाटाण्याएवढा नवा लेप घातला. जाड थर दिला तर तो उष्णतेस मदत करण्याऐवजी अडथळाच करतो.

झाकण लावून पुन्हा त्याच पडद्यावर, भर दुपारी, तापमान पाहिले. ते ५८ अंशांवर येऊन स्थिरावले. अर्धा तास झाला, एक तास झाला. आकडा हलला नाही. जानेवारीत दोष का दिसला नव्हता, हेही आता उमगले. प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढत असते. समजा, धुळीमुळे ते खोलीपेक्षा ६० अंशांनी वाढत असेल. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असताना ते ८५ होईल आणि यंत्र चालत राहील. उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर गेली की तेच १०० होईल आणि यंत्र थांबेल. म्हणजे दोष हिवाळ्यातही होताच. उन्हाळ्याने तो केवळ उघडा पाडला.

घरात आनंद झाला. आजोबांनी सहा दिवस निर्वेधपणे लेखन केले. परंतु सातव्या दिवशी सायंकाळी पडदा पुन्हा काळा झाला. नातीला रडू आले. "आत्या, आपले सगळे श्रम वाया गेले," ती फोनवर म्हणाली.

"वाया नाही गेले, बाळ. तापमान किती होते, ते लिहिलेस ना?"

नातीने तत्काळ यंत्र सुरू करून आकडा पाहिला होता. तो अवघा ४९ होता. तेव्हा या वेळी उष्णता कारण नव्हती, हे उघड झाले. एका यंत्रात एका वेळी दोन दोषही असू शकतात. पहिला मोठा असल्यामुळे दुसरा त्याच्या आड दडून राहतो.

आत्याने वहीची पाने पुन्हा वाचावयास सांगितले. या वेळची नोंद होती : "सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे. दिवे क्षणभर मंद झाले. बंद पडला." मागची पाने चाळताना आणखी एक नोंद सापडली. सफाईच्याही आधी, एका पहाटे अवघ्या पंधरा मिनिटांत संगणक बंद पडला होता आणि पुढे लिहिले होते : "आजी पाण्याची मोटार लावत होती." त्या वेळी ही नोंद कोणाच्याच ध्यानात राहिली नव्हती. नातीने धावत जाऊन आजीला विचारले. आजी म्हणाली, "हो, काल पण साडेसहा-पावणेसातला मोटार लावली होती मी. टाकी रिकामी झाली होती."

विजेची मोटार सुरू होताना, तिला गती येईपर्यंत, नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. त्या क्षणी घरातील विजेचा दाब थोडा उतरतो; म्हणून दिवे मंद होतात. दिव्यांना त्याचे काही वाटत नाही. परंतु संगणकाला अखंड वीज हवी असते. यासाठी त्याच्या पेटीत वीजपुरवठा करणारा एक स्वतंत्र डबा असतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. तो घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सौम्य वीज तयार करतो. त्यात कपॅसिटर नावाचे भाग असतात, ते थोडी वीज साठवून ठेवतात. गच्चीवरील टाकीप्रमाणे त्यांचे काम चालते. नळाचे पाणी क्षणभर थांबले तरी टाकीतील पाण्यावर घर चालते. तसेच बाहेरची वीज क्षणभर कमी पडली, तर कपॅसिटरमधील साठ्यावर संगणक तग धरतो. हा साठा फार मोठा नसतो. चांगल्या स्थितीतील डबा एका सेकंदाच्या सुमारे साठाव्या हिश्श्याएवढा वेळ निभावून नेतो; पण तेवढाही पुष्कळदा पुरतो. मात्र टाकीत गाळ साचला, तर तिच्यात पाणी कमी मावते. कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो आणि त्याची साठवणही तशीच घटते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा अनुभव आहे.

हे झाले अनुमान. त्याची परीक्षा घेणे अजून बाकी होते. पुढच्या सुटीस आत्या आली. तिने प्रथम ओव्या साठवलेली हार्ड डिस्क सुटी करून बाजूला ठेवली, म्हणजे परीक्षेत तिला इजा होऊ नये. मग संगणक सुरू ठेवून आजीला मोटार लावण्यास सांगितले. पाच वेळा मोटार लावली, त्यांपैकी तीन वेळा संगणक बंद पडला. नंतर आत्याने आपल्या घरच्या संगणकातील चांगला डबा काढून आणला होता, तो त्यास जोडला. बाकी काहीही बदलले नाही. पुन्हा पाच वेळा मोटार लावली. संगणक एकदाही थांबला नाही.

"आता नक्की झाले!" नात म्हणाली. "जुना डबा उघडून आपण कपॅसिटर बदलू या का?"

"नाही," आत्या ठामपणे म्हणाली. "वायर काढल्यावरही त्या डब्यात तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो. त्याचा धक्का जिवावर बेतेल. हा डबा घरी कोणीही उघडायचा नाही, मीसुद्धा नाही. आपण तो बदलायचा."

बाजारातून नवा डबा आणला. जुना डबा कचऱ्यात न टाकता विजेच्या टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या केंद्राकडे दिला. तो देण्यापूर्वी जाळीतून पाहिले, तर त्यातही धुळीचा तसाच थर साचला होता. धुळीमुळे डबा तापला, तापल्यामुळे कपॅसिटर आटले आणि आटल्यामुळे मोटारीच्या एका झटक्याने यंत्र थांबू लागले. दोष दोन निघाले, तरी दोहोंचे मूळ एकच होते. दर सहा महिन्यांनी पेटीतील धूळ काढली असती आणि संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवला असता, तर ही वेळ बहुधा पुष्कळ उशिरा आली असती.

दोष शोधण्याची ही रीत केवळ संगणकापुरती नाही. विहिरीवरील पंप थांबला, शिलाई यंत्राचा टाका सुटू लागला किंवा सायकलची हवा वारंवार उतरू लागली, तरी हीच रीत उपयोगी पडते. जे गमावले तर परत मिळणार नाही, ते आधी सुरक्षित करावे. जे घडते ते, लहानमोठे न म्हणता, लिहून ठेवावे. कारणाविषयी तर्क करावा, पण त्याची परीक्षा घेतल्यावाचून तो खरा मानू नये. परीक्षा घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. एक दोष सापडला म्हणून शोध थांबवू नये. आणि जेथे जिवाला धोका आहे, तेथे हात घालण्याचे धाडस करू नये. एवढे केले, म्हणजे जुनी म्हणून टाकून द्यावयास निघालेली पुष्कळ यंत्रे आणखी काही वर्षे सेवा देतील.

स्वाध्याय

१. आत्याने संगणक उघडण्यापूर्वी कोणते काम केले? का?

२. संगणकात दोष आज्ञावलीचा नाही, हे कोणत्या परीक्षेवरून सिद्ध झाले?

३. खोलीचे तापमान ३० अंश असताना एका प्रोसेसरचे तापमान ८२ अंश होते. त्याच प्रोसेसरचे तापमान खोली ४१ अंशांवर गेल्यास सुमारे किती होईल?

४. 'आसपास काय घडत होते' हेही वहीत लिहावयास सांगितल्याचा पुढे कसा उपयोग झाला, ते पाच-सहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : वळचण, अनुमान, निर्वेध, जीर्ण, डोळेझाक करणे, तग धरणे.

६. आपल्या घरातील एखादी वस्तू वारंवार बिघडत असेल, तर तिच्याविषयी आठ दिवस नोंदी ठेवा आणि त्यांवरून काढलेले अनुमान वर्गात वाचून दाखवा. विजेच्या वस्तूस वडीलधाऱ्यांवाचून हात लावू नका.